तिसऱ्या पाकिटातल्या तारा

नाशिक
९ ऑक्टोबर १९९१

ती. काशीकाकांना नमस्कार,

अक्षर वाकडं दिसलं तर घाबरू नका. मोडलाय तो डावा हात. लिहिते उजव्यानेच, पण कागद दाबून धरायला दुसरा हात नाही, म्हणून ओळी पळतात. कॉलेजच्या उतारावर सायकल घसरली आणि मनगटाचं हाड मोडलं. प्लास्टर वीस नोव्हेंबरला निघेल. काळजी करू नका असं तुम्हाला लिहून उपयोग नसतो, तरी लिहिते.

आम्ही तुमच्या माडीवरून बिऱ्हाड हलवलं तेव्हा जिन्यावर माझी गिटार आपटली आणि तिची पाठ तडकली, म्हणून ती तुमच्याकडे ठेवली होती. तडा सांधला असं तुम्ही बाबांना कळवलंत. आता आणखी एक काम मागते.

चौदा डिसेंबरला मुंबईला नभोवाणीवर स्वरचाचणी आहे. भाविका गाणार आणि मी साथीला गिटार वाजवणार. कापड बाजारातली आपली भाविका, दुसरी कोण! शाळेपासून आमचं ठरलेलं आहे की एकदा तरी रेडिओवर दोघींनी जायचं. एकीलाच घेतो म्हणाले तर दोघींनी उठून यायचं. इथे मैत्रिणीची गिटार मिळेल, तिच्यावर बोटं मोकळी करीन. चाचणीला मात्र माझीच हवी, आणि तिला नव्या तारा हव्यात.

तारा कोणत्या, इथेच घोडं अडलंय. भाविकाचा आवाज खोल आहे, तार त्याच्यावर चढता कामा नये. गिटारवाले दहा तऱ्हा सांगतात. म्हणून तुमचा कान हवा. गव्हाणच्या भजनात बसल्या जागेवरून तुम्ही सांगितलं होतंत की चौथ्या माणसाचा टाळ चिरलाय, आणि तो निघालाही होता.

पांढरं आणि लाल अशी दोन पाकिटं पार्सलने पाठवली आहेत. पांढऱ्यात पितळी वेढ्याच्या तारा आहेत, लालमध्ये तांबं जास्त आहे. तिसरं पाकीट भाविका मुंबईहून आणून देईल. त्यात म्हणे तारेच्या वेढ्याखाली रेशमाचा धागा असतो. एकेक जोड चढवा, आठवडाभर ऐका आणि कसा वाजतो ते मला लिहा. सुरात लावायची शिट्टी गिटारच्या पिशवीत आहे.

सात डिसेंबरला मी येईन आणि चाचणीपर्यंत तुमच्याकडेच राहीन. माडीवर आम्ही दोघी सराव करू, काकूंना त्रास देऊ.

तुमची
सई


पनवेल
१७ ऑक्टोबर १९९१

चि. सई, तुला आशीर्वाद, आणि तुझ्या हाताला वेगळा आशीर्वाद.

पत्र वाचून जीव खाली-वर झाला. हाड नीट बसलं का? बोटं हलतात का? पाचही हलतात का ते लिही. उतारावर सायकल हातात धरून चालत जावं, हे मी तुला लहानपणापासून सांगत आलो आहे.

तू काम सांगितलंस खरं, पण मला धास्ती वाटते. मी चौथी शिकलेला मिठागरातला माणूस. पावसाळ्यात मिठागर बंद, म्हणून चार पावसाळे मिरजेला तंबोरे करणाऱ्यांच्या हाताखाली राबलो आणि तारा लावायला शिकलो. तंबोरा, वीणा, एकतारी एवढीच माझी धाव. गिटारच्या खुंट्या लोखंडी, दात असलेल्या. पहिली तार चढवताना तीनदा हात थांबवला. तुटली तर डोळ्यात जाईल म्हणून सोनाबाईला दूर बसवलं. ती म्हणते, "तुमच्या तंबोऱ्याला चार तारा पुरतात. याला सा हायत. एकीवर माझं लुगडं वाळत घालू का?"

पांढऱ्या पाकिटातल्या तारा चढवल्या. दोन बारीक तारा नुसत्या पोलादी आहेत. तशाच लाल पाकिटातही दिसल्या, म्हणजे फरक चार जाड्या तारांचाच. आवाज कसा सांगू? नव्या पितळी कळशीवर नखाने टिचकी मारावी तसा. फार चकचकीत. पहिल्या दिवशी शेजारच्या शकूने विचारलं, घरात घुंगरं आणलीत का. तिसऱ्या दिवसापासून ती चकाकी उतरू लागली. सर्वांत जाडी तार कोरडी बोलते, मिठाचा थर पायाखाली मोडावा तशी. भाविकाच्या आवाजापुढे या तारा पुढे-पुढे करतील असं मला वाटतं. पण माझं चुकतही असेल. उद्या तू नापास झालीस तर या म्हाताऱ्याचं ऐकून झाली असं नको व्हायला.

हात उशीवर ठेवून झोप.

तुझा
काशीकाका


पनवेल
२६ ऑक्टोबर १९९१

चि. सई,

पाचही बोटं हलतात हे वाचून बरं वाटलं.

लाल पाकिटातल्या तारा चढवून आठ दिवस झाले. या शहाण्या आहेत. हंड्यात पाणी तापत आलं की आतून गुणगुण सुरू होते ना, तसा आवाज. पहिल्या दिवशी जेवढा होता तेवढाच आज आहे. घाई नाही, बडबड नाही.

काल भाविका तिसरं पाकीट घेऊन आली. सोनाबाईने करंजा बंदरावरून आणलेले कोळंबीचे सोडे अंगणात वाळत घातले होते. ही नाकाला ओढणी लावून दारात उभी. म्हणते, "काकू, ही गिटार रेडिओवर वाजली तर ऐकणाऱ्यांच्या घरी मांजरं जमतील." सोनाबाई म्हणाली, "जमू दे. मांजरांना तरी गाण्यातलं समजंल. तुझ्या दुकानातल्या गिऱ्हाइकांना काय समजतंय?" दोघी बराच वेळ हसत होत्या. जाताना तिने पाकीट माझ्या हातात दिलं. "सीलबंद आहे काका. उघडून बघायची फार इच्छा झाली, पण म्हटलं, आधी तुम्ही." मग मी तार छेडली आणि ती उभ्यानेच दोन ओळी गायली. त्या लाल तारांवर तिचा आवाज चांगला बसला.

एक गोष्ट मात्र मनाला लागून राहिली आहे. हिचा स्वर लवकर मरतो. तंबोऱ्याची तार छेडली की स्वर हळूहळू उमलत जातो. हिचा टुणकन येतो आणि विझतो. म्हणून मी घोडी बघितली. तार टेकते ती हाडाची पट्टी वर अगदी धारेची आहे. तंबोऱ्याला आम्ही घोडीचा माथा घासून उतरता करतो, म्हणजे तार त्याला निसटती घासते आणि स्वराला झंकार येतो. याला जवारी काढणं म्हणतात. मिरजेत माझ्या जवारीला नाव होतं. हिची जवारी कोणी काढलेलीच दिसत नाही. काढू का? तू कळव. तुझं उत्तर येईपर्यंत हात लावत नाही.

काशीकाका


नाशिक
३१ ऑक्टोबर १९९१

ती. काशीकाका,

दिवाळीचा नमस्कार तुम्हाला आणि काकूंना.

आधी महत्त्वाचं लिहिते. घोडीला हात लावू नका! गिटारचा स्वर वेळेवर संपावाच लागतो, कारण पुढचा दारात येऊन उभा असतो. आणि तंबोऱ्यासारखं नाही, इथे बोट दाबून दुसरा स्वर काढायचा असतो. घोडीचा माथा उतरला तर तारा खाली येतील आणि दाबल्यावर दांडीवरच्या धातूच्या पडद्यांना घासतील. जशी आहे तशी राहू द्या.

बाकी तुमची पत्रं फार आवडली. बाबा चहाबरोबर मोठ्याने वाचतात. "हंड्यातली गुणगुण" ऐकल्यावर आईने खरंच हंडा चुलीवर ठेवून ऐकलं. मलाही लाल तारा योग्य वाटताहेत, पण रेशमाच्या ऐकल्याशिवाय ठरवत नाही. भाविका त्यांच्यासाठी मुंबईत दोन खेपा घालून आली. त्याच लागल्या तर तिला केवढा आनंद होईल.

सई


पनवेल
९ नोव्हेंबर १९९१

चि. सईस आशीर्वाद.

तुझं पत्र दिवाळीत मिळालं. घोडीबद्दल लिहिलंस ते समजलं.

तिसऱ्या पाकिटातल्या तारा चढवल्या. त्या चांगल्या नाहीत. बोट दाबलं की भणभणतात, पत्र्याच्या डब्यात माशी कोंडावी तशा. पाकिटाचं तोंड आधी सुटून पुन्हा चिकटवल्यासारखं वाटलं होतं, पण तेव्हा मी बोललो नाही. कोणी वापरलेल्या तारा पुन्हा भरल्या असतील. भाविकाला दुकानदाराने फसवलं असेल, किंवा तिने कुठून घेतल्या ते तिलाच ठाऊक. मी कोणाचं नाव घेत नाही. तूही तिला विचारू नकोस, उगाच वाईट वाटेल.

माझी तब्येत जरा बरी नाही. कार्तिकातल्या काकड्याच्या वीणा दुरुस्तीला आल्या आहेत, त्यामुळे सवड नाही. जास्त लिहीत नाही.

काशीकाका


नाशिक
१५ नोव्हेंबर १९९१

ती. काशीकाका,

तब्येत कशी आहे? डॉक्टरांना दाखवा. मला उपदेश करता आणि स्वतः अंगावर काढता.

तुम्ही नको म्हणालात तरी मला राहवलं नाही. मी भाविकाला विचारलं. नीटच विचारलं होतं, असं मला वाटतं. लिहिलं की काका म्हणतात पाकीट उघडलेलं होतं, तू खरंच दुकानातून घेतलंस की कोणाकडून वापरलेलं? त्यावर तिचं चार ओळींचं उत्तर आलं: "माझ्या हातच्या पाकिटावर ज्याचा विश्वास नाही, त्याने माझ्या गळ्यावरही ठेवू नये. चाचणीला दुसरी शोध."

चूक असती तर ती कबूल करायची सोडून हा तोरा! आता आठवतं, दहावीला तिने मला गाइड दिलं होतं, नवं म्हणून. त्याची दोन पानं मुडपलेली होती. तेव्हा मी काही बोलले नव्हते.

असो. वर्गात कादंबरी म्हणून एक मुलगी आहे, तिचा आवाज बरा आहे. तिला विचारते आहे. भाविकासारखा नाही, पण काय करणार? तुम्ही लाल तारा पुन्हा चढवून ठेवा.

काका, तुम्ही नसता तर मी त्याच तारा घेऊन चाचणीला बसले असते. तोंडावर गोड बोलणारे पुष्कळ भेटतात, खरं सांगणारं माणूस एखादंच. हे मी विसरणार नाही.

तुमची
सई


पनवेल
१९ नोव्हेंबर १९९१

चि. सई,

हे पत्र मी चार वेळा लिहून फाडलं. हे पाचवं आहे. हेही फाडीन म्हणून अंगणात शकूच्या समोर बसून लिहितो आहे. तिला सांगितलं आहे की कागद फाडताना दिसलो तर हाक मार.

लाल तारा परत चढवल्या. त्याही भणभणतात. त्या भणभणतील हे मला चढवायच्या आधीच ठाऊक होतं.

भाविकाच्या तारांत काही खोट नव्हती. पाकीट सीलबंद होतं, मीच अडकित्त्याने त्याचं तोंड कापलं. घोडी मी घासली.

कसं झालं ते सांगतो. सांगितल्याने माझं काही कमी होणार नाही, पण तुला कळायला हवं. तुझ्या उत्तराची वाट बघीन असं लिहिलं होतं. पाच-सहा दिवस बघितली. एक तारखेला सोनाबाई नेऱ्याला बहिणीकडे गेली, घरात मी एकटा. लाल तारा उतरवल्या होत्या, घोडी उघडी समोर होती. मनात काय होतं तेही लिहितो. तू रेडिओवर वाजवशील, तिथले जाणते लोक विचारतील की गिटारला हा झंकार कुठून आला, आणि तू म्हणशील, पनवेलच्या काशिराम घरतांनी जवारी काढली. एवढंच होतं. तुझ्या चाचणीपेक्षा मला माझ्या नावाची घाई झाली होती.

कानस घेतली, मग काचकागद. दुपारभर घासली. मग तिसऱ्या पाकिटातल्या तारा चढवल्या आणि मोकळ्या छेडल्या. सई, अर्धा तास मी राजा होतो. असा भरलेला स्वर त्या लाकडातून कधी आला नव्हता. मग सहज एका तारेवर बोट दाबलं आणि सगळं संपलं. दुसऱ्या पडद्यावर दाबलं, तिसऱ्यावर दाबलं, सगळीकडे तीच माशी. तंबोऱ्याला घालतो तसा तारेखाली सुताचा धागा सरकवला, तर आणखी बिघडलं. घासलेलं हाड पुन्हा वाढत नाही. मी गिटार पिशवीत घातली आणि पिशवीवर गोधडी टाकली.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी तुझं पत्र आलं. सोनाबाई म्हणाली, "मोठ्यानं वाचा ना, पोरीनं काय लिवलंय?" मी वाचलं. हंड्याचं वाचलं, तुझ्या आईचं वाचलं. घोडीला हात लावू नका ही ओळ मी गाळली. सोनाबाईला वाचता येत नाही. चाळीस वर्षांत तिच्या न येण्याचा मी असा फायदा कधी घेतला नव्हता.

मग तुला नऊ तारखेचं पत्र लिहिलं. तारांवर ढकलावं एवढंच आधी ठरवलं होतं. पण तारा वाईट म्हटल्यावर तू विचारशील, चांगल्या दुकानातल्या तारा वाईट कशा? म्हणून पाकिटाचं तोंड सुटलेलं होतं असं लिहिलं. ते लिहिताना भाविकाचा चेहरा डोळ्यांपुढे आला नाही असं नाही. आला. तरी लिहिलं. आणि वर "मी कोणाचं नाव घेत नाही" असंही लिहिलं.

तू म्हणालीस, खरं सांगणारं माणूस एखादंच. ती ओळ वाचल्यापासून जेवण जात नाही. तू मला चोर म्हणाली असतीस तर सोपं गेलं असतं.

गिटार मी घालवली. तिची भरपाई कशी करू, तू सांगशील तसं करीन. आणखी काय लिहू?

काशिराम


नाशिक
२६ नोव्हेंबर १९९१

ती. काका,

हाताचं प्लास्टर निघालं. बोटं अजून ताठ आहेत.

गिटार गेलेली नाही. ती हाडाची पट्टी सुटी असते, काढून नवी बसवता येते. अर्ध्या तासाचं काम आहे. बाबा या आठवड्यात मुंबईला जाणार आहेत, तेव्हा नवी पट्टी घेऊन येतील. एक तारखेला घासल्यावर दोन तारखेला तुम्ही मला एवढंच लिहिलं असतंत ना, की सई, घोडी बिघडली, तर मी हसले असते. खरंच हसले असते.

पण भाविकाचं काय करायचं? मी तिला जे लिहिलं ते तुम्हाला अर्धंच सांगितलं होतं. मी तिला लिहिलं होतं की दुकानदाराची मुलगी ती दुकानदाराचीच. हे माझं आहे, तुमच्यावर ढकलत नाही. ती ओळ तुमच्या पत्रात नव्हती. तुमचं पत्र आल्यावर मी तिला लागोपाठ दोन माफीची पत्रं पाठवली. दोन्ही न उघडता परत आली. पत्त्यावर तिच्याच अक्षरात "घेणार नाही".

कादंबरीबरोबर दोन दिवस बसून पाहिलं, जमत नाही. आणि जमलं असतं तरी मला भाविकाशिवाय जायचं नाही. चाचणीचं पत्र दोघींच्या नावाचं आहे.

तुम्ही एकाच गावात आहात. माझ्याकडून काही सांगू नका. तुमचं तुम्ही सांगा.

सई


पनवेल
१ डिसेंबर १९९१, रविवार

चि. सई,

तुझं पत्र शुक्रवारी मिळालं. त्याच दिवशी दुकानात गेलो. भाविका गादीवर बसली होती. वडील बाहेर गेले होते. मी वाटभर शब्द जुळवत गेलो होतो, पण पायरी चढलो आणि ती म्हणाली, "काय दाखवू?" पूर्वी मला पाहिलं की काका म्हणायची. मी म्हणालो, "ब्लाऊजपीस."

"कोणता रंग?"

"कोणताही."

"काकूंनी काही सांगितलं असेल ना?"

"नाही."

तिने हिरवं कापून दिलं. मी घेऊन घरी आलो.

काल पुन्हा गेलो. या वेळी तिने लांबूनच पाहिलं. म्हणाली, "का, कालच्या कापडात खोट निघाली का? असेल तर सांगा. आमच्याकडच्या मालात खोट निघते असं हल्ली लोक लिहून कळवतात." हीच वेळ होती. तोंडही उघडलं होतं. तेवढ्यात एक बाई पोरीसाठी परकराचं कापड मागायला आली आणि माझं तोंड मिटलं. मी जांभळं ब्लाऊजपीस घेऊन आलो.

सोनाबाईने दोन्ही समोर ठेवली आणि विचारलं, "कुनाचं लगीन काढलंय?" तेव्हा तिला सगळं सांगितलं, गाळलेल्या ओळीसकट. ती बराच वेळ लसूण सोलत बसली. ताट वाढलं तेव्हा एवढंच म्हणाली, "उद्या रविवार हाय, दुकान बंद. परवा जाल तर पिशवी घेऊन जाऊ नका. पिशवी असली का तुमी परत कापड घेऊन येनार."

उद्या पिशवी नेणार नाही.

मला भीती कशाची वाटते ते मलाच कळत नाही. ती ओरडेल याची नाही. सईने सांगितलं म्हणून आला असं तिला वाटेल, आणि ते खरंच आहे. तू "तुमचं तुम्ही सांगा" असं लिहिलं नसतंस तर मी अजून घरीच बसलो असतो.

काशिराम


(पोस्टकार्ड, पहिलं)

पनवेल, २ डिसेंबर १९९१

सई, हे भाविकाच्या दुकानात स्टुलावर बसून लिहितो आहे. मी म्हणालो, घरी जाऊन पाकिटातून पाठवतो. ती म्हणाली, "नको. माझ्याबद्दल लिहिलंत ते बंद पाकिटातून गेलं. हे उघडं जाऊ दे. पोस्टमन वाचू दे, नाशिकला सईचे बाबा चहाबरोबर वाचू दे." कार्ड तिनेच गल्ल्यातून काढून दिलं. मग तिने विचारलं, "मी पाकीट उघडलं होतं का?" मी म्हणालो, नाही. "मग तेवढंच लिहा." म्हणून लिहितो:

भाविकाने मला दिलेलं तारांचं पाकीट सीलबंद होतं. ते मी कापलं. तारांत दोष नव्हता. गिटारची घोडी मी माझ्या हाताने बिघडवली, आणि ते झाकण्यासाठी तिच्यावर संशय येईल असं खोटं लिहिलं. तिचा काही अपराध नाही. काशिराम बुधाजी घरत.


(पोस्टकार्ड, दुसरं)

एका कार्डात मावेना म्हणून दुसरं घेतलं. पहिल्या कार्डावरचं तिने मला मोठ्याने वाचायला सांगितलं. गिऱ्हाइकं होती. मी वाचलं. एक बाई म्हणाल्या, "ते सगळं होऊ दे, पण या पिवळ्यात दुसरा काठ आहे का?" भाविकाने त्यांना काठ दाखवला आणि मग माझ्याकडे वळून म्हणाली, "गिटार उद्या सकाळी इथे आणून ठेवा." कशासाठी ते मी विचारलं नाही. नवी पट्टी मी बसवून देतो असं ओठांवर आलं होतं, ते गिळलं. तिन्ही पाकिटांतल्या तारा पुसून, वेगवेगळ्या गुंडाळून, गिटारबरोबर देतो. तिसऱ्या मी खऱ्या कधी ऐकल्याच नाहीत, त्यामुळे माझं मत मागू नकोस.

उरलेल्या जागेत भाविका काही लिहिणार आहे. ते मी वाचायचं नाही असं तिने बजावलं आहे. कार्ड पालथं धरून पेटीपर्यंत नेतो.

सई, सात तारखेला ये. दोघी कुठे बसाल ते तुम्ही ठरवा. आमच्या माडीवर आला नाहीत तरी सोनाबाई आणि मी काही म्हणणार नाही.

काशिराम

सई, तिसरं पत्र पाठवू नकोस, तेही परत करीन. ये आणि तोंडाने बोल. आधी भांडू, मग गाऊ. कादंबरीला नाही म्हणून कळव. मी आणलेल्या तारा लावून बघायच्या आहेत.
काकांना वाचता-वाचता मध्ये दोनदा थांबावं लागलं. दुकानात चार बायका होत्या, सगळ्या बघत होत्या. मी काकांना पाणीसुद्धा विचारलं नाही. विचारायला हवं होतं. हे त्यांना कळवू नकोस, एवढ्यात तरी.
भाविका